हजेरी

गणेशपूर हे वाशीम जिल्ह्यातले जेमतेम 150 वस्तीचे गाव. 2023 च्या जानेवारीत तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची बातमी आली: शिक्षक एक, विद्यार्थीही एकच! गुरुजी 12 किलोमीटरांवरून येत. दोघे मिळून राष्ट्रगीत म्हणत आणि शाळा भरे.

मला आधी हसू आले, मग आमची शाळा आठवली. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, त्यानंतरचे ते दिवस. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. हजेरी सुरू झाली की आमचे ‘हजर’ पार वेशीपर्यंत ऐकू जाई. एकदा मित्राची हजेरी मीच दिली आणि छडी खाल्ली. गणेशपूरच्या पोराला ती सोय कुठली? तो गैरहजर, तर शाळाच गैरहजर!

पण गणेशपुरात मुलेच मोजकी. आमच्या गावात मुले आहेत. ती रोज सकाळी माझ्याच ओट्यावरून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत चढतात. त्यांतल्या एकाची फी तर मीच भरतो.

परवा गावच्या शाळेवरून जाताना नातवाने विचारले, ‘‘आबा, इथं कोण शिकतं?’’

मी म्हणालो, ‘‘मी शिकलो.’’