जपानला जायचं म्हणता, पण जपानी शिकवणार कोण?

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरात नर्सिंग, आयटीआय किंवा नुसती बारावी झालेलं पोरगं-पोरगी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी आपल्याकडे दुबईचं वारं होतं. मग २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तर वर्षभर सगळे जर्मनीचंच बोलत होते. आता जपान. वाशीमच्या पाटणी चौकात बसा नाहीतर रिसोडच्या बसस्टँडवर, कोणीतरी सांगतंच की अमक्याचा पोरगा जपानला चालला.

ही हवा उगीच नाही. जपानमध्ये दर १० माणसांमागे जवळपास ३ जण ६५ वर्षांच्या वरचे आहेत. म्हाताऱ्यांना सांभाळायला, शेतात, कारखान्यात, हॉटेलात माणूस मिळत नाही. म्हणून त्यांनी २०१९ मध्ये ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ नावाचा नवा व्हिसा काढला. भारताने त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून जाहीर केलं, की पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानला जावीत. आकडा मोठा आहे. दिल्लीतून निघालेला मोठा आकडा गावापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्यासोबत एजंटही पोचतो.

तो माझ्या बहिणीच्या घरीही पोचला.

माझी भाची जीएनएम झालेली आहे, मालेगाव तालुक्यातली. एका खाजगी दवाखान्यात नोकरी करते. पगार सांगितला तर तिलाच वाईट वाटेल, म्हणून लिहीत नाही. तिच्या मैत्रिणीकडून तिला एका ‘साहेबां’चा नंबर मिळाला. साहेब घरी आले, चहा घेतला, मोबाइलवर टोकियोचे व्हिडिओ दाखवले. चार लाख लागतील म्हणाले, त्यातले एक लाख शुक्रवारपर्यंत. भाषेचं काय, असं पोरीने विचारलं. साहेब म्हणाले, “भाषेचं टेन्शन नका घेऊ, तीन महिन्यात सर्टिफिकेट मिळून जाते.”

आमच्या जावयांचा मला फोन आला. “भाऊ, एक एकर गहाण ठेवू म्हणतो. तुमचं काय म्हणणं?”

मी म्हटलं, आधी त्या साहेबांना दोनच गोष्टी विचारा. तुमचा नोंदणी क्रमांक काय? आणि पोरगी तिकडे नेमकं काय काम करणार?

परदेशात नोकरीला माणूस पाठवायचा असेल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे एजंटची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कोणालाही पाहता येते. आणि अशा एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. कुठे ३० हजार आणि कुठे चार लाख! साहेबांनी नंबर काही दिला नाही. “ऑफिसात आहे, पाठवतो” म्हणाले, ते अजून पाठवूनच राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून महत्त्वाचं आहे. जीएनएम पोरगी या व्हिसावर जपानला नर्स म्हणून जात नाही. आपली नर्सिंगची पदवी-पदविका तिकडे तशीच्या तशी चालत नाही. ती जाते ‘काइगो’ म्हणून, म्हणजे वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. अंघोळ घालणं, जेवू घालणं, संडासला नेणं, कूस बदलून देणं. काम हलकं नाही आणि कमीपणाचंही नाही. घरच्या आजीसाठी आपण तेच करतो. पण सांगणाऱ्याने ते खरं सांगितलं पाहिजे. व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा, नवरा-लेकरं सोबत नेता येत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. २०२४ मध्ये जपानचं सरासरी किमान वेतन तासाला १,०५५ येन होतं, म्हणजे आपले सहाशेच्या आसपास. ऐकायला डोळे फिरतात. पण खोलीचं भाडं, विमा, कर तिथल्याच भावाने कापले जातात.

आणि भाषा? काइगोसाठी कामाच्या परीक्षेसोबत जपानीची परीक्षा असते. जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा ‘जेएफटी-बेसिक’ ही संगणकावरची परीक्षा, शिवाय देखभालीच्या कामातल्या जपानीची वेगळी. आता एक गोष्ट लक्षात घ्या. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं, एवढंच. म्हणजे घोकून सर्टिफिकेट मिळवता येईलही. पण रात्री दोन वाजता ८८ वर्षांच्या आजीला श्वास लागला आणि ती काहीतरी सांगू लागली, तर तिथे सर्टिफिकेट काय करणार? समोरच्याच्या जिवाचा प्रश्न आहे आणि आपल्या पोरीच्या अब्रूचाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, पैसे देण्याआधी एकदा पुण्याला जाऊन भाषा शिकणारे-शिकवणारे लोक पाहून येऊ. रात्रीची ट्रॅव्हल्स धरली आणि दोन दिवस पुण्यात फिरलो.

पुण्यात जपानी ही काही नवी गोष्ट नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. आमच्या धंद्यातल्यांना ते आवार पत्रकारितेसाठी माहीत, पण तिथेच शेजारी पिढ्यान् पिढ्या जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकली गेली. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे, खाजगी वर्ग तर गल्लोगल्ली. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना ठाऊक असेल की ते जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या ३०० वर्षं जुन्या बागेवरून केलंय. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात जपानी आणि कोरियन कंपन्या आहेत. कंपन्या आल्या म्हणून दुभाषे लागले, दुभाषे लागले म्हणून वर्ग निघाले, आणि वर्गातल्या पोरांनी कागदाच्या घड्यांचे, फुलांच्या मांडणीचे, ब्रशने अक्षरं काढण्याचे कार्यक्रम सुरू केले.

असाच एक कार्यक्रम आम्ही पाहिला. कॉलेजची पोरं-पोरी युकाता घालून फिरत होती. एका टेबलावर एक मुलगी येणाऱ्यांची नावं जपानी अक्षरांत लिहून देत होती. भाचीने आपलं नाव लिहून घेतलं, मग म्हणाली, “मॅडम, वाशीम लिहून द्या.” तिने तीन अक्षरं काढली. वा-शि-मु. नुसतं ‘म’ त्यांच्याकडे लिहिता येत नाही, म्हणून ‘मु’. भाचीने तो कागद पर्समध्ये ठेवला.

तिथेच एक शिक्षिका भेटल्या. गाव लातूरकडचं, पुण्यात बारा वर्षं जपानी शिकवतात. मी पत्रकार असल्याने सरळ विचारलं, यात पोट भरतं का? त्या हसल्या. म्हणाल्या, “दादा, तासावर पैसे मिळतात. बॅच भरली तर महिना, नाही भरली तर नाही. माझ्यासोबत शिकलेले एन-२ झाले की कंपनीत गेले. भाषांतराचे, दुभाष्याचे पैसे शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त. शिकवायला राहिलो आम्ही, ज्यांना शिकवायला आवडतं.”

या बोलण्यात सगळा पेच आहे. ज्याला भाषा चांगली येते त्याला कंपनी उचलते. शिकवायला माणूस उरत नाही. मग मागणी वाढली की एन-५ वाला एन-५ शिकवायला बसतो आणि ‘तीन महिन्यात सर्टिफिकेट’चे बोर्ड लागतात. पुण्यातच ही तऱ्हा, तर तासावर पैसे घेणारा शिक्षक वाशीमला कशाला येईल?

बरं, भाषा आपल्या पोरांना जमणार नाही का? उलट आहे. त्या मॅडमने सांगितलं तेव्हा मीही चकित झालो. ‘मी भात खातो’ हे वाक्य जपानीत जसंच्या तसं त्याच क्रमाने येतं. ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’. क्रियापद शेवटी. आपण ‘घरात’ला शेवटी ‘त’ लावतो, तसे त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागून येतात. आपण ‘छान आहे ना’ म्हणतो, ते वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतात. आपलं काळीज धडधडतं, त्यांचं ‘दोकिदोकि’ करतं. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण, त्यांच्याकडे त्याहून जास्त मानाच्या पायऱ्या. इंग्रजीत अडखळणारं आपलं खेड्यातलं पोरगं इथे मागे पडायचं कारण नाही. अवघड आहे ती लिपी. हिरागाना आणि काताकाना प्रत्येकी ४६ अक्षरं, आणि रोजच्या वापरातल्या कांजी २,१३६. ते घासावंच लागतं.

त्या अक्षरांचा क्रमही ऐका. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? ‘हा’च्या जागी जुन्या जपानीत ‘पा’ होतं. म्हणजे ती आपलीच वर्णमाला आहे. बौद्ध भिक्षूंसोबत संस्कृतचा अभ्यास जपानला गेला आणि त्यातून हा क्रम बसला.

आता आपल्याकडे वळा. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेचा राजा हरिषेण आणि त्याच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. १६ नंबरचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दिलेलं. ते पाहायला जपानी माणूस सातासमुद्रापलीकडून येतो, अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानने कर्ज दिलं. नागपूरला भदंत सुरेई ससाई जपानहून आले आणि आपलेच होऊन गेले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीतून उभं राहिलं. जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. इतकं सगळं असून आपल्या जिल्ह्यातल्या पोरीला जपानी ‘अ’ शिकायला पुण्याची गाडी धरावी लागते.

शिकवणं अशक्य आहे असंही नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांनाच विचारलं, परदेशी भाषा कोणती शिकायची? रोबोंची आवड असलेल्या पोरांनी जपानी निवडली आणि शाळेने ती इंटरनेटवरून शिकायची सोय केली. गाव लहान, शाळा सरकारी. जमलं.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, आमदार-खासदार, ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट जाईल त्यांनी वाचाव्यात.

एक. आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. कौशल्य विकासाच्या पैशातून वाशीमला एक जपानी वर्ग सुरू करा. शिक्षक पडद्यावर असला तरी चालेल, पण वर्गात रोज हजर राहून पोरांकडून घासून घेणारा एक माणूस लागेल.

दोन. शिक्षकाला तासावर तुटपुंजं देऊ नका. ठरलेला महिना द्या. नाहीतर तो सहा महिन्यांत कंपनीत जाईल आणि वर्गाला कुलूप लागेल.

तीन. रोजगार कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा: एजंटची नोंदणी कुठे तपासायची, शुल्क किती, तक्रार कुठे. तहसील आणि नर्सिंग कॉलेजांतही लावा.

चार. जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला कामाचा करार मराठीत समजावून सांगणारा माणूस जिल्ह्यात असावा.

जावयांनी एकर गहाण ठेवलं नाही. भाचीचं जपानचं मन मात्र मोडलं नाही, आणि ते मोडावं असं मलाही वाटत नाही. तिला तिथे जायचंय, पण भाषा शिकून, काम कोणतं ते माहीत करून. सध्या ड्युटीवरून आल्यावर ती ‘इरोदोरी’ नावाचं पुस्तक मोबाइलवर वाचते. जपान फाउंडेशनचं आहे, फुकट मिळतं, तुमच्या पोरांनाही सांगा. हिरागाना झालं, काताकाना अर्धं झालंय. उच्चार बरोबर की चूक, हे सांगणारं कोणी नाही.

म्हणून शेवटची विनंती पुण्या-मुंबईत असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठलेही असा. तुमच्यापैकी कोणी एन-३, एन-२ झालं असेल तर आठवड्यातून दोन तास ऑनलाइन द्याल का? सुरुवातीला आठ-दहा पोरी आहेत, सगळ्या नोकरी करणाऱ्या. रात्री नऊनंतरची वेळ चालेल. जे काही मानधन जमेल ते आम्ही जमवू. मला इनबॉक्स करा, नाहीतर खाली कमेंटमध्ये नुसतं गावाचं नाव लिहा. मी फोन करतो.