वस्तरा, दगड आणि म्हशीचं चामडं

वस्तऱ्याच्या नादी लागलेला माणूस आधी वस्तऱ्यावर खर्च करतो आणि मग त्याच्या तिप्पट दगडांवर. हौसेला मोल नसतं, हे खरं. पण माझी सगळी नोकरी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये गेली. ग्राइंडिंग व्हीलचा ग्रेड ठरवण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याला दगडांच्या लांबलचक याद्या बघून भुरळ पडत नाही, संशय येतो.

निवृत्तीनंतर मुंबईच्या चोर बाजारातून एक झोलिंगेनचा वस्तरा घेतला. पाच सूत रुंद, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला, नखाने टिचकी मारली की किणकिणणारा. मुठीकडच्या बाजूला धारेवर गंजाचे ठिपके होते, एक बारीक दाताही पडला होता. मी भाळलो ते त्याच्या भूमितीवर. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. व्हर्नियर लावला: पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर, रुंदी सोळा. गणित केलं तर धारेचा कोन साधारण १६ अंश निघतो. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. इथे तो पात्यातच बांधून दिलेला असतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षं तो फारसा हलत नाही.

मात्र दगड सपाट हवा. नवाकोरा दगडही सपाट असतोच असं नाही. त्यावर पेन्सिलीने जाळी काढायची, जाड काचेवर ओला पॉलिश पेपर पसरायचा आणि त्यावर दगड घासायचा. जाळी कोपऱ्यांतूनही पुसली गेली की झालं. आमच्याकडे सरफेस प्लेटवर निळा रंग लावून जॉब तपासायचे, तीच ही विद्या.

आता दगड किती घ्यायचे? हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड कोयत्याला आणि सुरीला ठीक, वस्तऱ्याच्या वाट्याला जाऊ देऊ नये. दाता काढायला १००० नंबरचा पाण्याचा दगड लागतो, आणि खरं काम तिथेच होतं. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करची शाई लावायची, हलक्या हाताने पातं फिरवायचं आणि शाई कुठे उरली ते भिंगातून बघायचं. धारेच्या अगदी टोकाला शाईचा धागा दिसतोय तोवर पुढच्या दगडाला हात लावायचा नाही. काम जमत आलं की पाणीच सांगतं. आधी धारेच्या पुढे ढकललं जाणारं पाणी एकदम पात्यावर चढायला लागतं, आणि पातं दगडाला किंचित चिकटल्यासारखं वाटतं. त्यानंतर ४००० आणि ८००० नंबरचा जोड दगड, आणि हौस असेल तर १२०००. दाब कमी कमी करत न्यायचा; शेवटी पात्याचं स्वतःचं वजन तेवढं ठेवायचं.

बेल्जियममध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याकडून एक कोटिक्यूलही मागवला. आर्डेन डोंगररांगांतला हा फिकट पिवळा दगड. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. पिवळा थर ठिसूळ, म्हणून त्याला खालून पाटीच्या दगडाचा आधार दिलेला असतो. सोबतच्या छोट्या तुकड्याने घासून वर दुधट काला करायचा. काला दाट असताना तो भराभर कापतो, पाणी घालत विरळ केला की धार मऊ करत नेतो. दगड देखणा आहे, त्यावर काम करताना हात सुखावतो. पण गालाला फरक किती पडला, असं विचाराल तर एवढ्या पैशांचा नाही.

कारण रोजची धार दगडावर राहतच नाही. दाढीचे केस त्या पातळ कडेला इकडेतिकडे कलवतात, तिला पुन्हा सरळ करतं ते चामडं. पट्टा चांगला असेल तर दगड कित्येक महिने कपाटात राहतो. पट्टा मात्र मला मनासारखा मिळेना. शेवटी कोल्हापूरहून चपलेच्या तळाला वापरतात तसलं, झाडाच्या सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं आणवलं आणि घासूनपुसून स्वतःच तयार केलं. रुंदी तीन इंच ठेवली. पट्टा त्याहून अरुंद असेल तर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं. जोडीला जाड सुती कॅनव्हास. आधी कॅनव्हास, मग चामडं; पाठ पुढे, धार मागे, आणि वळवायचं ते पाठीवरच. धारेवर वळवलंत तर धारही गेली आणि पट्टाही.

आमच्या गल्लीतले नाना पूर्वी सलून चालवायचे. एड्सची धास्ती आली तेव्हापासून त्यांनी पट्टा सोडला आणि ब्लेडचं कागदी पाकीट मधोमध मोडून अर्धी पाती वस्तऱ्यात घालायला लागले. त्यांना माझा पट्टा दाखवला. शेजारी पॉलिशवाल्यांचा हिरवा क्रोमियम ऑक्साइड ठेवला होता. पाहताक्षणी म्हणाले, "भाऊ, हे हिरवं चामड्याला लावू नका हं."

"धार थोडी बसली तर?"

"तर दुसऱ्या पट्टीवर लावा. आणि हा पट्टा ताणून धरा की! झोळ पडला तर धार गोल होणारच."

मग त्यांनी अंगठ्याचं नख जिभेवर ओलं केलं आणि त्यावरून टाचेपासून टोकापर्यंत धार अलगद ओढली. मध्यभागी क्षणभर थांबले. "इथे अजून खरखर आहे." मी भिंगातून बघितलं, काही दिसलं नाही. तिरपा टॉर्च मारल्यावर दिसलं. दाता होता तिथेही नव्हे, त्याच्या पुढे. त्या रात्री पुन्हा १००० नंबर बाहेर काढला.

पावसाळ्यात वेगळीच कटकट. हे पोलाद स्टेनलेस नव्हे, आणि पुण्याच्या जुलैत ओलं ठेवलेलं पातं सकाळपर्यंत तांबूस पडतं. दाढी झाली की कापडाने टिपायचं, तळहातावर दोनचार हात फिरवायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पसरायचा. खोबरेल वापरू नये, थंडीत थिजतं आणि बिजागरीत चिकट होऊन बसतं. पट्ट्याला बुरशी येते, म्हणून त्या दिवसांत तो न्हाणीघरात न टांगता हॉलच्या खिडकीच्या गजाला टांगतो. बायकोचं म्हणणं, पाहुण्यांना वाटतं घरात कुणाला तरी मार देण्याची सोय केलीय.