पाण्याखालचा फोटो

यवतमाळच्या माणसाने समुद्राविषयी लिहायचे म्हणजे रत्नागिरीच्या माणसाने कापसाच्या भावाविषयी लिहिण्यासारखे आहे. आमच्या जिल्ह्याला सगळ्यांत जवळचा समुद्र कोणता, असे अचानक विचारले तर आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापकसुद्धा भिंतीवरच्या नकाशाकडे एकदा पाहून घेतील. मी तर मराठी शिकवतो. माझ्या ओळखीचा समुद्र कवितेतला, आणि त्याच्यावरही परीक्षेत फार तर पाच मार्कांचा प्रश्न येतो.

तरी गेल्या हिवाळ्यात विशाखापट्टणला जाणे झाले. भाचा तिथे नोकरीला लागला आणि आजीने एकदा येऊन बिऱ्हाड पाहावे असा त्याने हट्ट धरला. आई बहात्तर वर्षांची. पंढरपूर पाहिले, माहूर तर कितीदा पाहिले, पण समुद्र पाहिला नव्हता. "एवढं पाणी पाहून काय करू मी?" असे म्हणत म्हणत तिने भाकरी, तिळाची चटणी आणि दोन लुगडी बांधली. पाण्याशी तिचे जुने वैर आहे. ते पुढे येईलच.

यवतमाळहून नागपूरपर्यंत एस. टी., आणि तिथून रायपूरमार्गे रेल्वे. टिटलागड मागे पडले, सकाळ झाली आणि रायगडाच्या अलीकडे-पलीकडे डोंगर इतके जवळ आले की खिडकीतून हात काढावा आणि पान तोडावे. आईला तो प्रवास फार आवडला. समोरच्या ओडिया बाईशी ती तीन तास बोलत होती. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. पण सुनांचा विषय चालला आहे एवढे मला स्पष्ट कळत होते.

विशाखापट्टणच्या रामकृष्ण बीचवर एक आख्खी पाणबुडी वाळूत आणून ठेवलेली आहे. तिचे नाव 'कुरसुरा'. १९६९ साली ती आपल्या नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात होती, २००१ साली निवृत्त झाली, आणि २००२ पासून तिकीट काढून तिच्या पोटात शिरता येते. लांबी ९१ मीटर. बाहेरून पाहिली तर देवमासा, आत शिरलो तर आमच्या जुन्या चाळीतला बोळ. नळ, चाके, घड्याळे, वायरी, आणि त्यांच्यामधून माणसाने वाट काढायची. झोपण्याच्या फळ्या अशा की कूस बदलायची तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी. आईने एका फळीवर हात फिरवून पाहिला. "इथं पोरं झोपत जाय?" तिने विचारले. मी हो म्हटले. ती पुढे काही बोलली नाही.

बाहेर आल्यावर आम्ही कठड्यावर बसलो. उजव्या हाताला डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात नाक खुपसून उभा आहे. त्याच्या अलीकडेच बंदराचे तोंड. मी आईला म्हटले, "माय, त्या तिकडे पाण्याखाली अशीच एक पाणबुडी पडलेली आहे. माणसांसकट."

ती 'गाझी'. मूळची अमेरिकेची, नाव 'डायब्लो'. १९४४ साली पाण्यात उतरली, १९६४ साली पाकिस्तानला मिळाली. आपल्याकडे तेव्हा एकही पाणबुडी नव्हती. १९७१ च्या नोव्हेंबरात ती कराचीहून निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली, ती आपल्या 'विक्रांत'च्या शिकारीसाठी. विक्रांत अंदमानाकडे होती. पण व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणलाच असल्याचा असा काही देखावा उभा केला की गाझी नेमकी इथे आली. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर मोठा स्फोट झाला. 'राजपूत' या आपल्या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जेसनी ती बुडाली असे आपण म्हणतो. स्वतःजवळच्याच सुरुंगांनी बुडाली असे पाकिस्तान म्हणते. आतले ९३ जण दोन्ही हिशेबांत सारखेच. पुढे 'निस्तार' नावाच्या जहाजावरून आपले पाणबुडे खाली उतरले आणि त्यांनी ती गाझीच असल्याची खात्री करून घेतली. त्याच नावाचे नवे जहाज याच शहरातल्या हिंदुस्थान शिपयार्डने बांधले आणि २०२५ च्या जुलैत ते नौदलात आले.

२०२४ च्या फेब्रुवारीत बातमी होती की नौदलाच्या नव्या यानाला गाझी पुन्हा सापडली. बुडालेल्या पाणबुडीतून जिवंत माणसे सोडवून आणण्यासाठी हे यान घेतलेले. साडेसहाशे मीटरपर्यंत खाली जाते. त्याला किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरांवर, सुमारे शंभर मीटर खोल ती दिसली. दिसली, आणि नौदलाने तिला हात लावला नाही. ते मेलेल्यांचे शेवटचे ठिकाण, ते तसेच राहू द्यायचे, अशी दर्यावर्दी लोकांची रीत आहे.

आईने विचारले, "फोटू हाय काय तिचा?"

मी तरी पाहिलेला नव्हता. पण फोटोवरून आमचे बोलणे सुरू झाले आणि मास्तरकी अंगात असल्यामुळे मी तिला समुद्राच्या तळाशी फोटो कसा काढतात ते सांगू लागलो. वाचकांनाही थोडे सांगतो. कारण मला स्वतःला ते वाचण्यापूर्वी वाटायचे की कॅमेरा काचेच्या पेटीत घालून दोरीने सोडला की झाले.

पहिली अडचण वजनाची. दर दहा मीटरला वरच्या पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. शंभर मीटरवर अकरा पट. चार हजार मीटरवर चारशे पट. दुसरी अडचण रंगाची. पाणी उजेड पिते, आणि त्यात आधी तांबडा पिते. पाच-दहा मीटरांतच तांबडे रंग मरू लागतात. आईच्या लुगड्याचा लाल काठ शंभर मीटरवर दिव्याशिवाय पाहिला तर काळा दिसेल. हजार मीटरखाली सूर्य पोचतच नाही. तिथे दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा एकच. मग दिवा न्यावा, तर तिसरी अडचण. पाण्यात गाळाचे कण तरंगत असतात. कॅमेऱ्याच्या शेजारीच दिवा लावला की तेच कण चमकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

"धुक्यात एस. टी. च्या लाइटीवाणी," आई म्हणाली.

अगदी तसेच. माझ्या दोन परिच्छेदांचे काम तिने एका वाक्यात केले. म्हणून दिवे कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला धरतात. तरी एका फोटोत फार तर काही मीटर दिसते. सबंध जहाज एका चौकटीत कधीच येत नाही. गोधडीसारखे तुकड्याला तुकडा जोडून, शेकडो-हजारो फोटोंतून ते शिवावे लागते. आणि मुळात ते कुठे पडले आहे हे डोळ्यांनी नव्हे, आवाजाने शोधतात. आवाज सोडायचा आणि तळावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकून चित्र रेखायचे.

१९८५ साली 'टायटॅनिक' सापडले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागची गंमत कमी जणांना ठाऊक असते. रॉबर्ट बॅलार्डला अमेरिकेच्या नौदलाने पैसे दिले ते टायटॅनिकसाठी नव्हतेच. त्यांच्या 'थ्रेशर' आणि 'स्कॉर्पियन' या दोन अणुपाणबुड्या, एक १९६३ साली आणि दुसरी १९६८ साली, सगळ्या माणसांसह तळाशी गेल्या होत्या. त्यांचे गुपचूप फोटो आधी काढायचे. वेळ उरला तर टायटॅनिक शोधायचे, असा सौदा. स्कॉर्पियनचे तुकडे प्रवाहाने लांब रेषेत विखुरलेले बॅलार्डने पाहिले होते. तेव्हा त्याने जहाज शोधायचे सोडून कचऱ्याची रेषा शोधली. पडद्यावर आधी दिसला तो एक बॉयलर. त्याच्यावरच्या रिव्हेटांवरून त्यांनी ओळखले की हे तेच. पुढे १९८९ साली त्यानेच जर्मनांची 'बिस्मार्क' शोधली, पावणेपाच किलोमीटर खोल. २०२२ साली तर अमेरिकेची 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' ही युद्धनौका ६,८९५ मीटरवर सापडली. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर तिच्याच उंचीचे आणखी तीन डोंगर ठेवले तर जेवढे होईल, त्याहूनही खोल.

मोबाइलवर मी आईला एकेक फोटो दाखवत होतो. तिने मान डोलावली ती एकाच फोटोला. अर्जेंटिनाची 'सान हुआन' ही पाणबुडी १५ नोव्हेंबर २०१७ ला नाहीशी झाली, ४४ जणांसह. वर्षभर घरच्यांनी वाट पाहिली. नौदलाच्या तळाच्या कुंपणावर झेंडे आणि चिठ्ठ्या बांधल्या. बरोबर वर्ष उलटल्यावर ९०० मीटरहून खोल ती सापडली आणि फोटो प्रसिद्ध झाले. निळसर अंधारात पडलेला एक पत्र्याचा लांबोडका तुकडा.

"घरच्याइनं पाह्यला काय हा फोटू?"

"पाहिला. काही जण म्हणाले, आता तिला वर काढा."

"काढली काय?"

"नाही."

आई फोटोकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, "अन् ह्या इथल्याइच्या घरी? त्याहिले दाखवला काय कोनं?" तिचा हात डॉल्फिन्स नोजकडे होता. ९३ घरे, कराचीकडची, पंजाबातली, कुठली कुठली. मला उत्तर देता आले नाही. आपलीही 'खुकरी' त्याच डिसेंबरात, ९ तारखेला, दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. दीवला त्यांचे स्मारक आहे, काचेत जहाजाची छोटी प्रतिकृती आहे. हे मी आईला सांगितले. "काचेतलं पाह्यलं तरी चालते," ती म्हणाली, "पन काहीतरी पाहा लागते."

आता तिचे वैर सांगतो. आईचे माहेर पुसद तालुक्याच्या टोकाला पैनगंगेच्या काठी होते. इसापूरचे धरण झाले आणि ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेले. मी तेव्हा मांडीवर होतो. नव्या जागी घरे बांधायची म्हणून लोकांनी जुन्या घरांची दारे, खिडक्या, सागवानी खांब आधीच उपटून नेले. मग कोणीतरी पुसदहून फोटोवाला आणला. त्या फोटोत आजोबा, आजी, मामा, आई आणि मागे घर, पण घराला दार नाही. जबड्यासारखे काळे भोक. आईने तो फोटो कधी भिंतीवर लावला नाही. ट्रंकेच्या तळाशी असतो.

आणि मी एक गोष्ट तिच्यापासून लपवली होती. आदल्या मे महिन्यात जलाशय पार आटला असताना मी एकटाच तिथे जाऊन आलो होतो. भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. मारुतीचा पार उघडा पडला होता. विहिरीची कड होती. घरांची जोती रांगेने होती. मामाने तोंडी सांगितलेल्या खुणांवरून मी एक जोते ओळखले. चुलीच्या जागेचा दगडसुद्धा सापडला. सात-आठ फोटो काढले. घरी आल्यावर मात्र दाखवायचे धैर्य झाले नाही. दार नसलेला फोटो जिला पाहवत नाही, तिला भिंती नसलेला कसा दाखवावा? वर्षभर ते फोटो मी मुलांच्या पेपरांच्या फोटोंमध्ये दडवून ठेवले होते.

"तू गेलता न उन्हाळ्यात?" आई समुद्राकडे पाहतच म्हणाली. मामाने सांगितले असणार. मामाच्या पोटात तीळ भिजत नाही. "दाखव."

मी दाखवले. तिने चष्मा पुसला. एकेक फोटो बोटाने मोठा करून, लहान करून पाहिला. मी वाळूकडे पाहत होतो. ती रडेल अशी माझी खात्री होती.

"हे कोनाचं घर हाय रे?"

"आपलं. तुझं."

"चाल! हे तं गुरवाचं. हा पार पाह्य, पाराच्या उजव्या अंगानं गुरवाचं. आपलं डाव्या अंगानं, खाली, उतारावर." तिने बोट फोटोच्या कडेला नेले, जिथे गाळ संपून पाण्याची रेघ सुरू होत होती. "आपलं अजून पान्यात हाय."

आणि ती हसली. बॅलार्डने बॉयलर ओळखला तेव्हा त्याच्या जहाजावर काय झाले असेल ते मला तेव्हा समजले. मराठीचा प्राध्यापक वर्षभर गुरवाच्या चुलीसाठी हळहळत होता, हे तिने भाच्याला त्या रात्री जेवताना तीनदा सांगितले.

उठताना ती म्हणाली, "इथला एक काढ."

"तिथे काही दिसत नाही, माय. नुसते पाणी येईल."

"येऊ दे."

तो फोटो माझ्याजवळ आहे. खूप पाणी, एक मासेमारीची होडी, आणि डाव्या कोपऱ्यात आईचे बोट. बोट थोडे चुकीच्या बाजूला आहे; बंदराचे तोंड त्याहून बरेच उजवीकडे.