गुणगुण वजा करताना

आवाजाचे स्वतःचे शब्द फार थोडे आहेत. गोड हा जिभेचा शब्द, उबदार हा कातडीचा, धारदार बोटाचा, काळपट डोळ्याचा. फादर स्टीफन्सनी 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना रत्न आणलं, मोगरा आणला, कस्तुरी आणली, मोर आणला. भाषा कानाने ऐकायची गोष्ट, पण तिचं कौतुक करायला त्यांना नाक आणि डोळे लागले. वर्गात ह्या ओव्या शिकत होतो तेव्हा माझ्या डोक्यात, खरं सांगते, गिटारचे पिकअप होते. कारण हंबकरच्या टोनची तुलना करणारी मंडळी नेमकं हेच करतात. हा क्रीमी, तो मडी, तिसरा चॉकलेटी. दोन माणसं एकच शब्द वापरतात आणि वेगवेगळं ऐकून घरी जातात.

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तारांखाली जी लांबट डबी दिसते ती पिकअप. आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. तीच अँपमधून मोठी होऊन बाहेर येते. अडचण अशी की वेढ्यांचं हे गुंडाळं अँटेनासारखंही वागतं. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइटचे चोक, पंख्यांचे रेग्युलेटर, सगळ्यांची गुणगुण ते गोळा करतं. आपली वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेची 60. 50 हर्ट्झ म्हणजे जवळपास खालच्या सप्तकातला 'जी'. त्यामुळे गाणं जी स्केलमध्ये असलं की आपल्याकडची गुणगुण निदान सुरात तरी असते!

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनियरने ह्यावर जो उपाय काढला तो मला आजही सुंदर वाटतो. एकाऐवजी दोन कॉइल शेजारी ठेवायचे. दुसऱ्याचे वेढे उलटे जोडायचे आणि त्याचं चुंबकाचं टोकही उलटं. तारेचा आवाज दोनदा उलटून सरळ होतो, दोन्हीकडचा एकमेकांत मिळतो. गुणगुणीला चुंबकाशी काही देणंघेणं नाही, ती एकदाच उलटते, आणि दोन कॉइलमधली गुणगुण एकमेकींतून वजा होते. हम म्हणजे गुणगुण, ती झुगारणारा तो हंबकर. पेटंटचा अर्ज 1955 सालचा, पेटंट मिळालं 1959 मध्ये. मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवत, म्हणून त्या पिकअपांना लोक आजही 'पीएएफ' म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात.

गंमत म्हणजे 'पीएएफचा टोन' असा एकच टोन नाही. त्या काळात वेढे सगळ्यांत सारखे पडत नसत, चुंबकही कधी ह्या प्रतीचे तर कधी त्या प्रतीचे. मीटरवर कुणाचा रोध साडेसात किलोओहम, कुणाचा नऊच्या जवळ. म्हणजे सगळे पाठभेदच, आणि मूळ संहिता म्हणावी अशी प्रत कुठलीच नाही. आमच्या हस्तलिखितांच्या पेपरात हे उदाहरण लिहायचा मोह मी आवरला.

माझ्या गिटारला कारखान्यातूनच सिरॅमिक चुंबकाचा हंबकर होता, मीटरवर चौदा किलोओहम. अशा दणकट पिकअपांची परंपरा 1972 च्या दिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शनपासून सुरू होते, अँपला धक्का देऊन आवाज फाटावा म्हणून बनवलेले. शिकवणीचे पैसे साठवून मी जुन्या धाटणीचा, अल्निको 5 चुंबकाचा, आठ किलोओहमचा आणि चार वायरींचा पिकअप आणला. डाग द्यायचं काम मावसभावाचं, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर तेच तुकडे आम्ही लॅपटॉपवर रेकॉर्ड केले. केबल तीच, अँपची बटणं तिथेच, तारा दोन्ही वेळा नव्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिघांनाही जुना सिरॅमिकच आवडला. तिसरी मावशी, ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. मग लक्षात आलं की तो मोठ्याने वाजतोय, बस्स. मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, आपल्या वादविवाद स्पर्धांतही हेच होतं. दोन्हींची पातळी सारखी करून पुन्हा ऐकलं आणि पारडं फिरलं. साध्या, स्वच्छ कॉर्डमध्ये सिरॅमिकच्या सहाही तारा एकत्र शिजलेल्या. अल्निकोमध्ये प्रत्येक तार मोकळ्या भातासारखी सुटी. (बघा, मीही जिभेकडेच गेले.) डिस्टॉर्शन चढवून खालच्या तारा तळव्याने दाबून वाजवल्या की मात्र सिरॅमिकचा ठोका घट्ट आणि अल्निको ढिला. मेटल वाजवायचं असेल तर मी आजही सिरॅमिकच लावीन. मग भावाने तुकडे उलटसुलट लावून मला पाठमोरं बसवलं. स्वच्छ आवाजात मी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. डिस्टॉर्शन पूर्ण चढवल्यावर सगळं अंदाजपंचे. आणि नवा पिकअप स्क्रू ड्रायव्हरने दोन फेरे खाली घेतल्यावर जो फरक पडला तो पाहून भाऊ म्हणाला, "हे फुकटात झालं असतं की."

हे सगळं खोलीतलं. चर्चमध्ये गोष्ट वेगळी झाली.

आमच्या क्वायरमध्ये एक अंकल आहेत, पासष्टीचे. माझ्या आईच्या लग्नाआधीपासून ते मिस्साला गिटार वाजवतात. त्यांची गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे गुणगुण वजा न करणारी. वर्षानुवर्षं ती थोडी गुणगुणायची आणि कुणाला काही वाटत नसे. मागच्या वर्षी वेदीवरच्या दिव्यांना डिमर बसवला आणि गुणगुणीचं भणभणणं झालं. कम्युनियननंतर सगळे डोळे मिटून शांत बसतात, त्या शांततेत ते भणभणणं ठाण मांडून बसायचं. अंकल आवाजाचं बटण शून्यावर आणायचे, कधी विसरायचे. क्वायरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की अंकलनी आता नुसतं गावं. खाली तीन अंगठे पडले. अंकलही त्याच ग्रुपवर आहेत.

पुढच्या प्रॅक्टिसला मी माझी गिटार त्यांच्या हातात दिली. डिमर चालू, तरी अगदी शांत. त्यांनी एक कडवं वाजवलं आणि थांबले. "आवाज चांगला आहे गं पोरी, पण मला माझं बोट ऐकू येईना बघ."

मला आधी हा सवयीचा प्रश्न वाटला. पण त्यात तथ्य होतं. हंबकर तार दोन जागी ऐकतो, त्यामुळे काही अगदी वरचे स्वरांश आपसांत कापले जातात. शिवाय दोन कॉइल एकामागे एक जोडल्यावर आवाजाचं वरचं टोक खाली उतरतं. गुणगुण जाते ती एकटी जात नाही. नख तारेला लागतं तो 'टिक', बोट सरकतं ती खरखर, त्यातलंही थोडं नेते. माझ्या एकवीस वर्षांच्या कानाला हा आवाज गोल वाटतो. वय वाढतं तसे कान आधी वरचे आवाज सोडतात, म्हणजे पिकअपने नेलं त्यात कानाने नेलेल्याची भर. मी ज्याला गोलाई म्हणत होते ती अंकलच्या दृष्टीने बंद खिडकी होती. टोनच्या तुलनेत पिकअप, चुंबक, वेढे सगळ्यांची नावं घेतात. कान कुणाचा, हे कुणी लिहीत नाही.

एक कॉइल बंद करून पाहिला. खिडकी उघडली, भणभणही परत आत आली. अंकल म्हणाले, "हां, हा माझा आवाज," आणि स्वतःच हसले.

शेवटी भावाने तोडगा काढला. दोन्ही कॉइल चालूच ठेवायचे, पण एकामागे एक न जोडता समांतर जोडायचे. गुणगुण तशीच वजा होते आणि वरचा उजेड बराचसा परत येतो. किंमत एवढीच की आवाज बारीक होतो, अंगात दम राहत नाही. चार वायरी होत्या म्हणून जमलं. टोनचं बटण वर ओढलं की समांतर, खाली दाबलं की नेहमीचं. कुठल्याही तुलनेत मी हा टोन निवडला नसता. पातळ वाटतो मला, नुसता वाजवला तर जरा केविलवाणाही.

अंकलनी आधी स्वच्छ कॉर्ड वाजवला, मग एक जुनी चाल बोटांनी, पिकशिवाय. डिमर चालू होता. मध्येच थांबून त्यांनी तारेवर नुसतं बोट घासलं, पुन्हा घासलं. "पाणी जरा जास्त झालंय," ते म्हणाले, "पण चालतंय."

आता शनिवारच्या प्रॅक्टिसपासून रविवारच्या मिस्सापर्यंत गिटार त्यांच्याकडे असते. सोमवारी घरी येते तेव्हा बटण वर ओढलेलंच असतं. मी खाली दाबते, आठवडाभर माझं वाजवते, आणि शनिवारी निघताना परत वर ओढून ठेवते.