लुंबिनीच्या वाटेवर: आपले कार्ड आपल्याच हाती

परदेश म्हटला की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर विमान, सूट-बूट आणि लाखोंचा खर्च उभा राहतो. पण कष्टकरी कुटुंबाला परवडेल असा एक परदेश आहे, आणि आयुष्यात एकदा तरी तेथे जावे अशी आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांची इच्छा असते. तो म्हणजे तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी. बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही स्थळे भारतात आहेत. लुंबिनी मात्र नेपाळात. रेल्वे, बस आणि आपले दोन पाय एवढ्या भांडवलावर तेथे पोहोचता येते. परंतु देश दुसरा, चलन दुसरे आणि फोनही दुसरा, हे आपण निघण्याच्या गडबडीत विसरतो. आम्हीही विसरलो होतो. जे आमच्या हातून चुकले ते इतरांच्या हातून चुकू नये, म्हणून ही हकिगत सांगत आहोत.

2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला झाले आणि 22 तारखेच्या रात्री कल्याण स्टेशनवर आम्ही कुशीनगर एक्स्प्रेस पकडली. आमच्या वसाहतीतील एकोणीस जण, त्यांत अकरा महिला. कोणी धुणीभांडी करणाऱ्या, कोणी बिगारी, एक रिक्षाचालक, दोघे सफाई खात्यातून निवृत्त झालेले. दीड वर्ष दरमहा चारशे रुपये विहारात जमा करून ही सहल उभी राहिली होती. प्रत्येक रुपया घामाचा होता, हे आम्हाला ठाऊक होते, आणि म्हणूनच आम्ही जरा जास्त काळजी घ्यायला गेलो.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. चळवळीत वावरताना हिशेबाची वही नेहमी आमच्याच काखेत असते. या वेळीही सगळ्यांची मतदार ओळखपत्रे आणि परदेशातील खर्चाचे माणशी दोन हजार, म्हणजे एकूण अडतीस हजार रुपये, आम्ही आमच्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेत एकत्र ठेवले. हेतू एकच, कोणाचे काही हरवू नये.

एका मावशीने मात्र नकार दिला. वय एकाहत्तर, अक्षरओळख प्रौढ वर्गात झालेली. त्यांनी दोन हजार रुपये दिले, पण कार्ड काही दिले नाही. म्हणाल्या, "भाऊ, परवाच या कार्डावर मी मत दिलंय. हे माझ्यापाशीच राहू द्या." शिवाय दहा शंभराच्या नोटा त्यांनी रुमालात बांधून वेगळ्या कमरेला खोचल्या होत्या. बाकीची मंडळी हसली. खरे सांगायचे तर आम्हाला थोडा रागच आला. आमच्यावर विश्वास नाही की काय, असे वाटले.

दोन रात्री गाडीत काढून सकाळी गोरखपूरला उतरलो. तेथून सुनौलीची सरहद्द शंभर किलोमीटरच्या आत आहे. बसने सुमारे तीन तास लागतात. सुनौलीत उतरल्यावर समोर कमान दिसते. अलीकडे भारत, पलीकडे नेपाळचे बेलहिया. मध्ये नदी नाही, डोंगर नाही. सायकलवाले, भाजीवाले, शाळेची पोरे इकडून तिकडे चालत जातात. त्यामुळे आपण परदेशात शिरतो आहोत असे वाटतच नाही, आणि फसगत नेमकी येथेच होते.

बॅगेतील सगळे पैसे पाचशेच्या नोटांत होते. नेपाळ सरकारने डिसेंबर 2018 मध्ये शंभरावरच्या भारतीय नोटांना बंदी घातली होती. म्हणजे आमचे अडतीस हजार पलीकडे बिनकामाचे. बस थांब्यावरच एकाने हे सांगितले, तेव्हा आम्ही मंडळींना "येथेच थांबा" म्हणून नोटा मोडायला धावलो. दुकानदाराने शेकडा तीन रुपये कापून शंभराच्या नोटा दिल्या. 1140 रुपये डोळ्यांदेखत गेले. गावातल्या बँकेत ज्याचा एक पैसा पडला नसता, त्याचा हा दंड.

परत येऊन पाहतो तो मंडळी जागेवर नाहीत! गर्दीच्या रेट्यात आणि "लुंबिनी, लुंबिनी" ओरडणाऱ्या रिक्षावाल्यांच्या मागे अठराही जण कमान ओलांडून गेले होते. त्यांना वाटले आम्ही पुढे आहोत, आम्हाला वाटले ते मागे आहेत. आम्ही बेलहियात धावत गेलो, फोन लावू लागलो, तर फोनला आवाजच नाही. एकोणीस जणांकडे चौदा फोन, पण सीमेपलीकडे चालणारा एकही नाही. सतरा जणांची ओळखपत्रे आणि सगळ्यांचे पैसे आमच्या बॅगेत, आणि ती माणसे परक्या देशात रिकाम्या हाताने. त्या वेळी ती बॅग आम्हाला किती जड वाटली, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

पुढचे आम्हाला नंतर कळले. कमानीपाशी जवानाने पुढे असलेल्या मावशींनाच ओळखपत्र विचारले. त्यांनी ते दाखवले आणि मागच्या घोळक्याला जवानाने "चलो, चलो" म्हणून सोडून दिले. पलीकडे तीन बॅटरी-रिक्षांतून मंडळी चार-पाच किलोमीटरवरच्या भैरहवा गावात पोहोचली. रिक्षावाल्यांनी तिघांचे मिळून सहाशे मागितले. कोणाकडे दमडी नाही. मावशींनी रुमाल सोडला आणि विचारले, "सहाशे कुठले? तुमचे की आमचे?" उत्तर आले, नेपाळी. मावशींनी शंभराच्या चार नोटा दिल्या आणि चाळीस नेपाळी रुपये परत घेतले. हिशेब बिनचूक. शंभराला एकशे साठ हे त्या गाडीत आमच्याच तोंडून ऐकून होत्या.

मग त्यांनी चहाच्या टपरीवरच्या बाईला विनंती करून तिच्या फोनवरून कल्याणला मुलाला फोन लावला. मुलाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. इकडे आम्हाला कोणीतरी सुचवले की मागे फिरा, भारताच्या हद्दीत फोन लागेल. शे-दीडशे पावले मागे आलो आणि खरोखरच फोन वाजू लागला. घरी पत्नीला विचारले, तिने मावशींच्या मुलाला विचारले, आणि त्याने सांगितले की सगळे भैरहव्याला चहाच्या टपरीवर बसले आहेत. दोन तासांनी भेट झाली. कोणी रागावले नाही. मावशींनी फक्त एवढेच म्हटले, "आता वाटून टाका भाऊ."

त्याच टपरीच्या बाकावर बसून आम्ही सगळी कार्डे आणि पैसे ज्याचे त्याला दिले. मंडळींनी त्या दिवशी जे ठरवले आणि पुढे तीन दिवसांत जे शिकलो, ते असे:

ओळखपत्र. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ हवे. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. ते पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्टच्या वरील वृद्धांना चालते. मूळ कार्ड ज्याचे त्याच्या अंगावर, एक झेरॉक्स सामानात आणि एक घरी ठेवावी. पाठीमागे घरचा फोन नंबर लिहावा.

नोटा. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा गावातच बँकेतून घ्याव्यात. मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत चौकशी करावी. सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत. रोजच्या खर्चाचे वर, बाकीचे कपड्यांच्या आत, आणि परतीच्या भाड्याला काहीही झाले तरी हात लावू नये.

भाव. 1993 पासून भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ हा दर बांधलेला आहे. नेपाळी रकमेचे आपले रुपये काढायचे तर आठने भागून पाचने गुणावे. नेपाळी आठशे म्हणजे आपले पाचशे. दुकानदार "आयसी" म्हणाला तर भारतीय आणि "एनसी" म्हणाला तर नेपाळी. वस्तू हातात घेण्याआधी हे विचारलेच पाहिजे, नाहीतर एकशे साठची वस्तू आपण भारतीय एकशे साठ देऊन घेऊन येतो. उरलेले नेपाळी पैसे सरहद्दीवरच बदलावेत. कल्याणला ते कोणी घेणार नाही. आमच्यातील तिघांकडे ते अजून पडून आहेत.

मोबाईलवरून पैसे. मार्च 2024 पासून नेपाळातील अनेक दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देता येतात. तेथील व्यवस्था फोनपे नावाची नेपाळी कंपनी चालवते. आपल्याकडील त्याच उच्चाराच्या अॅपशी तिचा संबंध नाही. आपल्या बँकेचे आणि अॅपचे परदेशी व्यवहार सुरू आहेत का, हे आधी पाहावे. आणि इंटरनेट नसेल तर यूपीआयही नाही, म्हणून रोख पैशाला पर्याय नाही.

फोन. आपल्या सिमवर परदेशी रोमिंग आधी सुरू करून घेतल्याशिवाय ते सीमेपलीकडे चालत नाही. निदान दोन जणांनी ते घ्यावे, आणि ते दोघे वेगवेगळ्या वाहनांत बसावेत. बाकीच्यांनी डेटा रोमिंग बंद ठेवावे, म्हणजे बिलाचा झटका बसणार नाही. नेपाळी सिम ओळखपत्र आणि फोटो देऊन मिळते. तेथून घरी लावायचे तर नंबरच्या आधी 0091 फिरवावे. दोन नंबर तरी तोंडपाठ असावेत. फोनची बॅटरी उतरते, पाठ केलेला नंबर उतरत नाही. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. बसची वेळ विचारताना हे ध्यानात ठेवावे.

सुरक्षा. चुकामूक झाली तर कोठे थांबायचे, ती जागा प्रत्येक थांब्यावर आधीच ठरवावी. सरहद्द दिवसाउजेडी ओलांडावी. कोणाचेही पार्सल "जरा पलीकडे नेऊन द्या" म्हटले तरी हातात घेऊ नये. भारतातून गाडी भाड्याने नेली तर नेपाळच्या हद्दीत तिला भन्सार, म्हणजे जकातीचा परवाना लागतो. तो खर्च कोणाचा, हे बसण्याआधी ठरवावे. नेपाळात पोलिसांचा नंबर 100 आणि रुग्णवाहिकेचा 102 आहे. कार्ड हरवले तर पोलिसांत नोंद करून काठमांडूच्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.

दुपार उतरता उतरता आम्ही लुंबिनीत पोहोचलो. भैरहव्याहून बावीस किलोमीटर. हा परिसर जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. जपानी वास्तुशास्त्रज्ञ केंझो टांगे यांनी 1978 मध्ये त्याचा आराखडा पूर्ण केला. मधोमध कालवा, एका अंगाला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या अंगाला महायानी. वृद्धांनी सगळे पायी करण्याचा हट्ट धरू नये. मायादेवी मंदिरात चपला बाहेर काढून जायचे आणि आत फोटो काढायचा नाही. जन्मस्थानाची शिळा काचेखाली आहे. तेथे आमच्यातील कोणी एक शब्द बोलले नाही. रांग पुढे सरकत राहिली आणि मंडळी डोळे पुसत बाहेर आली.

बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. 1896 मध्ये तो पुन्हा उजेडात आला. मावशींनी त्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारले, "काय लिहिलंय भाऊ?" आम्ही सांगितले की, राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः येथे आला, त्याने पूजा केली आणि बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ करून धान्याचा फक्त आठवा हिस्सा ठेवला. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावात कुणी मोठा माणूस आला की आमचाच खर्च वाढायचा. हा आला आणि गावाचा खर्च कमी करून गेला."

आम्ही वीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहीत आहोत, पण त्या स्तंभाचा असा अर्थ आम्हाला कधी सुचला नव्हता.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बुद्धवंदना घेतली. नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब याच देशात, काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेसाठी आले होते, याची आठवण एका तरुणाने काढली. ज्या कार्डावर आपण सीमा ओलांडली ते मताचे कार्ड कोणामुळे आपल्या हाती आले, हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. ते दुसऱ्याच्या बॅगेत, मग ती बॅग चळवळीतल्या कार्यकर्त्याची का असेना, आम्ही जमा करून घेतले होते.

येत्या हिवाळ्यात वसाहतीतून दुसरी तुकडी लुंबिनीला जाणार आहे. हिशेबाची वही आमच्याकडेच आहे. बॅग मात्र रिकामी असेल. निघण्याआधी एका रविवारी विहारात सगळ्यांना बसवून नोटा ओळखणे, आठ-पाचाचा हिशेब करणे आणि घरचा नंबर पाठ म्हणणे असा वर्ग घ्यायचे ठरले आहे. तो वर्ग मावशी घेणार आहेत.

जय भीम.