पगाराची तारीख

आसनगावच्या फलाटावर रविवारी मेगाब्लॉकवरून चिडचिड चालते. रोज कसारा लोकलने मुंबई गाठणाऱ्यांना एकच दिवस मोकळा, आणि त्यातही रेल्वे आडवी येते. हा मोकळा दिवस कुणी भांडून मिळवला, याचा विचार त्या गर्दीत कोण करणार?

नारायण मेघाजी लोखंडे आपल्याच जिल्ह्यातले, १८४८ साली ठाण्यात जन्मलेले. आधी रेल्वेच्या टपाल खात्यात, मग कापडगिरणीत स्टोअरकीपर. त्यामुळे गिरणीचे हाल त्यांना ऐकीव नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ वृत्तपत्र बंद पडले होते; १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा चालवायला घेतले. केशवपनाविरुद्ध न्हाव्यांना उभे करणारेही तेच.

पण मला मोठा वाटतो तो त्यांचा १८८४ चा अर्ज. परळला सभा झाल्या, साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागितले काय? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. इतके थोडे मागायलाही संघटना लागावी! गिरणीमालक रविवारला कबूल झाले ते १० जून १८९० रोजी.

तो रविवार शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांपर्यंत काही आला नाही. दिवाळी झाली की उचल घेतलेली घरेच्या घरे कुलूप लावून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांवर. आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यात तांदूळ-मीठ भागवायचे आणि पुन्हा गारा तुडवायला लागायचे. गिरणीला निदान भोंगा होता, दरवाजा होता. सुटलेल्या पाळीला तिथे गाठून सह्या घेता येत. भट्टीवर पाळी सुटतच नाही. बिऱ्हाडही तिथेच, आणि हिशेब मालकाच्या वहीत.

वेठबिगार सोडवल्याची, भिंत कोसळल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. त्या वहीत उचल किती फिटली, किती उरली, हे मात्र कुणी छापत नाही. लोखंडे यांना पगाराची तारीखसुद्धा संपादकाने लक्ष घालण्याजोगी वाटली होती. ते १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.