न चाललेले पिक्चर

आमच्या लहानपणी पिक्चरला पोचायला उशीर झाला तरी मोठी माणसं घाई करत नसत. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा समाचार-चित्र दाखवणं टॉकीजवाल्यांना सक्तीचं होतं. तेवढ्यात लोक पान लावून घेत, पोरांना बाहेर नेऊन आणत. मी जागचा हलत नसे. धरणावरच्या मजुरणी, पुराच्या पाण्यातून गुरं काढणारी माणसं, हातमागावर पळणारा धोटा, हे सगळं मला हिरोच्या बंगल्यापेक्षा जवळचं वाटे. आमचं आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा झाला 1999 साली. नवा पिक्चर पाहायचा तर पॅसेंजरनं गोंदिया गाठावं लागे आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून मधूनच उठावं लागे. त्यामुळे कितीतरी गाजलेल्या सिनेमांचे शेवट मला ऐकूनच ठाऊक आहेत. माहितीपट तेवढे पूर्ण पाहिलेले.

मग घरात टीव्ही आला. रविवारी दुपारी दूरदर्शनवर बंगाली, मल्याळी, आसामी सिनेमे लागत. जेवून घर झोपलेलं असे आणि मी एकटा खालच्या इंग्रजी ओळी लावत बसे. मध्येच लाइन जाई, ती येईस्तोवर गोष्ट पुढे सरकलेली असे. तिथून असल्या सिनेमांची खोड लागली ती लागलीच. नागपूरला गेलो की कुणाकडे कसली कॅसेट, पुढे कसली सीडी मिळते याची चौकशी करायची. अरुण खोपकरांचा 'कथा दोन गणपतरावांची' हा 1996 चा सिनेमा असाच हाती लागला. गोगोलच्या रशियन कथेतले भांडकुदळ इवान त्यांनी मराठी गणपतराव केले. त्यात प्रभावळकर आणि मोहन आगाशे आहेत. आमच्याकडची शेताच्या धुऱ्यावरून होणारी भांडणं पाहिलेल्या माणसाला त्यात परकं काहीच वाटत नाही.

आता तर फोनवरच सगळं सापडतं. फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट यूट्यूबवर आले, तेव्हा एस. एन. एस. शास्त्रींचा 1967 चा 'आय ॲम ट्वेंटी' पाहिला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या पोरापोरींना कॅमेऱ्यासमोर बसवून देशाबद्दल काय वाटतं ते विचारलं आहे. कुणी स्वप्नं सांगतं, कुणी सरळ तक्रार करतं. सरकारी पैशानं काढलेल्या फिल्ममध्ये ती तक्रार कापलेली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पण जीव अडकला तो सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये. 2009 चा सिनेमा, कापसाच्या विदर्भातला. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या मनात भीती बसते, आपला नवरा किसनाही असंच काही करेल. ती त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागे पाठवते, सासूला कामाला लावते, घरात नसलं तरी गोडधोड करून घालते. बिचाऱ्या किसनाला कळतच नाही, की आज एवढे लाड का चाललेत! आपण हसतो आणि हसता हसता छातीत धस्स होतं. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी तो धाक अगदी आपल्या घरातला करून टाकलाय. आमचा धानाचा पट्टा. पण पऱ्हे टाकून पाऊस दडी मारतो, रोवणी खोळंबते, तेव्हा बांधीवर उभ्या नवऱ्याकडे बघणारी बाई इथंही तशीच असते. हा सिनेमा रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. आमच्याकडे लागल्याचं मला आठवत नाही.

'असले सिनेमे आपल्या लोकांना झेपत नाहीत,' असं लोक म्हणतात. ते मला पटत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, शंकरपटाच्या बैलशर्यती होतात आणि रात्री मंडपात झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाचं, नाटक उभं राहतं. कडाक्याच्या थंडीत, तिकीट काढून, अंगावर चादरी घेऊन माणसं पहाटेपर्यंत बसतात. त्यात रडारड असते, विनोद असतो, सावकार असतो, कर्ज असतं. याच रंगभूमीवर तृषांत इंगळेंनी 2022 मध्ये 'झॉलीवूड' काढला. तोही फारसा गाजला नाही. पण हा प्रेक्षक नसता तर ही नाटकं कधीच बंद पडली असती. सिनेमे पडले ते त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच. अशा एखाद्या मंडपात 'गाभ्रीचा पाऊस' लावून बघा, आणि मग मला सांगा कोण उठून गेलं ते.